उजेडाचा अभ्यास

घरांतील मुलगी पदवीधर झाली, डॉक्टरीण झाली, बँकेंत लागली, हें पाहुण्यांस सांगावयास कोणास अडचण पडत नाहीं. परंतु ती संशोधन करिते, आणि तेंही अशा विषयांत कीं ज्यास मराठींत सुटसुटीत नांव नाहीं, असें असलें म्हणजे घरांतील जाणतीं माणसेंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. माझ्या थोरल्या बंधूंची नात गेल्या वर्षीं रसायनशास्त्राची एम्. एस्सी. होऊन मुंबईच्या एका संस्थेंत पीएच्. डी. करितां दाखल झाली. तिच्या विषयाचें इंग्रजी नांव दीड ओळ भरेल एवढें आहे. त्याचा अर्थ इतकाच, कीं पुष्कळ रेणु एकमेकांत गुंतून जो समुदाय बनतो, त्यावर प्रकाश पडला असतां आंत काय घडतें तें पाहणें. आमच्या वहिनींनीं ह्याचें भाषांतर पहिल्याच दिवशीं करून टाकलें : "उजेडाचा अभ्यास." आणि लगेच विचारलें, "खिडकी उघडली कीं उजेड येतो; त्यांत पांच वर्षें अभ्यासायचें काय?"

प्रश्न वाटतो तितका भोळा नाहीं. पुष्कळ शिकलेले गृहस्थही तोच विचारतात, फक्त खिडकीचें नांव काढीत नाहींत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला व जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलेला माणूस. तेव्हां गणिताच्या वाटेनें हा विषय मला गांठतां येण्यासारखा नव्हता. मीं तो स्वयंपाकघराच्या वाटेनें गांठला. सुटींत नात घरीं आली म्हणजे झोपाळ्यावर बसून ती सांगे व मी शंका काढीं, आणि वहिनी आंतून निवडटिपण करतां करतां ऐकत असत.

पंक्तींत वाढतांना वरणाचा थेंब पांढऱ्या धोतरावर पडतो. धोतर साबणानें धुवूं लागलें कीं पिवळा डाग एकाएकीं तांबडा होतो, व नवी सून घाबरते. जुन्या बायका घाबरत नाहींत. त्या धोतर पिळून, डागाची बाजू वर करून, कडक उन्हांत टाकतात; आणि संध्याकाळीं घडी घालतांना डाग कोठें होता तें सांपडत नाहीं. तेंच धोतर पावसाळ्यांत पडवींत वाळविलें तर डाग राहातो. हळदींतील रंगद्रव्यास कर्क्युमिन म्हणतात. पांढऱ्या उजेडांत सर्व रंग मिसळलेले असतात. त्यांतील जांभळा व निळा भाग हा रेणु गिळतो, आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत पोंचतो, तो पिवळा. म्हणजे वस्तूचा रंग हा तिनें ठेवून घेतलेला उजेड नव्हे, तर टाकून दिलेला उजेड होय. साबणांतील क्षारानें रेणूची घडण थोडी बदलते, मग तो निराळा भाग गिळूं लागतो व डाग तांबडा दिसतो. उन्हांत मात्र गिळलेलें त्यास पचत नाहीं. रेणु तुटतो, आणि तुकड्यांस रंग नसतो. इतकें सांगून झाल्यावर नात म्हणाली, "आजी, तुझी प्रयोगशाळा माझ्यापेक्षां जुनी आहे." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, परंतु त्यांना तें आवडलें असावें.

आमच्या भिवंडींत तर ह्या विद्येवर लोकांचा पैसा गुंतलेला आहे. गांवांत दिवसरात्र माग खडखडतात, आणि कापड म्हटलें कीं रंग पक्का कीं कच्चा हा प्रश्न आलाच. धुण्याची परीक्षा बादलींत होते. उन्हाची परीक्षा करण्यास निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचें माप जगभर वापरतात. पहिली पट्टी सर्वांत लवकर विटते, आठवी सर्वांत उशिरां. कापडाचा तुकडा ह्या पट्ट्यांबरोबर उजेडांत ठेवावयाचा, व तो कोणत्या पट्टीच्या बरोबरीनें विटला तें पाहावयाचें. रंगाच्या रेणूनें गिळलेला उजेड कोणतीही मोडतोड न होतां उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकला तर रंग टिकतो. टाकतां आला नाहीं तर विटतो. नात हें सांगत होती तेव्हां शेजारचे एक सुताचे व्यापारी येऊन बसले होते. हा अभ्यास निरुपयोगी नाहीं, असें मत आमच्या घरांत प्रथम त्यांनीं दिलें. आम्हां शिकलेल्यांपैकीं कोणी नव्हे.

मला स्वतःला न्यायशास्त्रांतील पाकप्रक्रियेची आठवण झाली. कच्चा घट काळसर असतो, भट्टींत भाजला कीं तांबडा होतो. मग रंग बदलला तो कोणाचा? वैशेषिक म्हणतात, परमाणूंचा. तेज आंत शिरून घट परमाणूंपर्यंत सुटा होतो, एकेक परमाणु रंग बदलतो, आणि घट पुन्हां जुळतो, हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, घट मोडतच नाहीं, अखंड घटाचाच रंग पालटतो, हा पिठरपाक. हें सारें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असें सांगत सुटणाऱ्यांपैकीं मी नाहीं. त्यांच्याजवळ उपकरणें नव्हतीं. शिवाय डोळ्यांतून तेजाचा किरण निघून पदार्थास भिडतो असें ते मानीत, आणि तें खरें नाहीं. परंतु प्रश्न त्यांनीं नेमका विचारला होता : तेज पदार्थांत शिरलें म्हणजे बदल एकेका कणांत होतो, कीं समुदायांत? हें ऐकून नात जरा वेळ गप्प बसली व म्हणाली, "अण्णाआजोबा, माझ्या प्रबंधाचा प्रश्न बराचसा हाच आहे, फक्त भट्टी नाहीं."

हा बदल किती वेळांत होतो, हें ऐकून मात्र माझी मति गुंग झाली. आम्ही निमेष व त्रुटि हे शब्द घोकलेले. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करावे, त्यांतील एका भागाचे पुन्हां दहा लाख भाग करावे. त्यांतला एक म्हणजे फेमटोसेकंद. एक फेमटोसेकंद एका सेकंदापुढें जितका लहान, तितकाच एक सेकंद सुमारें तीन कोटी सतरा लाख वर्षांपुढें लहान. आपण हें पान वाचीत आहां तेव्हां डोळ्याच्या पडद्यांतील वांकडा असलेला एक रेणु उजेडाचें एक पुडकें गिळून सरळ होतो, आणि त्यास लागणारा काळ सुमारें दोनशें फेमटोसेकंद असतो. पाहणें सुरू होतें तें तेथून. पुडकें असें म्हणण्याचें कारण, प्रकाशाची देवघेव सुट्या सबंध पुडक्यांनींच होते, हा विचार आइन्स्टाइन ह्यांनीं १९०५ सालीं मांडला. रेणु घेतो तर पुडकें सबंध घेतो, अर्धें कधीं घेत नाहीं.

इतक्या अल्प काळांतली घटना पाहावयाची कशी? ह्याची युक्ति मूळच्या ईजिप्तच्या अहमद झेवेल ह्यांनीं अमेरिकेंत सिद्ध केली, व त्याबद्दल त्यांस १९९९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. लेझरची एक चमक रेणूस जागें करण्यासाठीं सोडावयाची, व दुसरी किंचित् उशिरां, त्याची स्थिति पाहण्यासाठीं. उशीर मोजण्यास घड्याळ कामाचें नाहीं. दुसऱ्या चमकेस आरशांवरून थोडी लांबची वाट चालावयास लावतात. माणसाच्या केंसाच्या जाडीएवढी वाट वाढली, तरी दोनशेंच्या आसपास फेमटोसेकंदांचा उशीर होतो. म्हणून नातीचे दिवस अंधाऱ्या खोलींत आरसे केंसाकेंसानें सरकविण्यांत जातात. तीन आठवडे सरकवून एके दिवशीं कागदावर एक वांकडी रेघ मिळते, आणि ती मिळाली म्हणजे घरीं फोन येतो.

आमच्या घरांत ह्या विषयाबद्दल खरा आदर उत्पन्न झाला तो वहिनींच्या पणतवंडामुळें. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशीं पिवळें दिसूं लागलें. डॉक्टरांनीं डोळ्यांवर पट्टी बांधून त्यास निळ्या दिव्याखालीं ठेवलें. औषध नाहीं, सुई नाहीं, नुसता उजेड. आणि दोन दिवसांत बाळाचा वर्ण उतरला. ह्या उपायाचा उगम मला फार हृदयंगम वाटतो. इंग्लंडांत एसेक्स परगण्यांत रॉचफर्ड येथील रुग्णालयांत वॉर्ड नांवाच्या एक परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांस चांगल्या हवेच्या दिवशीं अंगणांत घेऊन जात. १९५६ सालीं त्यांनीं डॉक्टरांस एक बाळ दाखविलें : अंग फिकें, परंतु दुपट्याचा कोपरा ज्या ठिकाणीं आला होता तेवढाच त्रिकोण पिवळा. पुढें त्याच रुग्णालयांत काविळीच्या रक्ताची एक नळी खिडकींत उन्हांत राहून गेली, आणि तिच्यांतील पिवळें द्रव्य अपेक्षेपेक्षां पुष्कळच कमी भरलें. तेथील डॉक्टर क्रेमर व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९५८ सालीं हा अनुभव व त्यावरून केलेले प्रयोग "लॅन्सेट" ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केले.

परंतु उजेड नेमकें काय करितो, हें समजण्यास त्यापुढें सुमारें दोन दशकें जावीं लागलीं. काविळींतील पिवळें द्रव्य म्हणजे बिलिरुबिन. हा रेणु स्वतःभोंवतीं असा मुडपून बसलेला असतो कीं पाण्यांत विरघळत नाहीं, आणि नवजात बालकाच्या यकृतास त्याची विल्हेवाट लवकर साधत नाहीं. निळा उजेड गिळतांच त्याचा एक सांधा फिरतो, घडी उलगडते, आणि तें द्रव्य यकृताच्या मदतीची फारशी वाट न पाहतां शरीराबाहेर पडूं शकतें. कोंवळ्या उन्हांत बाळ धरण्याची आमची जुनी चाल ह्यावरून अगदींच निरर्थक नव्हती असें दिसतें. तथापि उन्हांत किती निळा भाग आहे हें कोणी मोजीत नाहीं, बाळास चटकाही बसूं शकतो, आणि वाढलेली कावीळ मेंदूस अपाय करिते. म्हणून पिवळें बाळ डॉक्टरांसच दाखवावें, हें येथें लिहून ठेवतों. परिचारिकेनें त्रिकोण पाहिला नसता तर पुढचें कांहीं झालें नसतें, हें खरें. परंतु रेणूची घडी उलगडून पाहणारे नसते, तर कोणता उजेड, किती व किती वेळ, हें आजच्या इतकें नेमकें कोणास ठरवितां आलें असतें?

नातीचा रेणु एकटा नाहीं. तुळशीच्या पानांत हरितद्रव्याचे शेंकडों रेणु एका केंद्राभोंवतीं मांडलेले असतात. उजेड पडतो कोणावरही. ज्याच्यावर पडला तो आपलें पुडकें शेजाऱ्यास देतो, तो पुढच्यास, असें करीत तें केंद्रापर्यंत पोंचतें. लग्नाच्या घरीं विहिरीपासून माजघरापर्यंत माणसें रांगेनें उभीं राहून घागरी पोंचवीत, तसा हा प्रकार. ऊन फार झालें तर पान जास्तीचा उजेड उष्णता करून टाकूनही देतें. अशी रांग माणसानें घडविलेल्या रंगांच्या रेणूंत लावतां येईल काय, आणि घागर वाटेंत कोठें सांडते, हें ती पाहात आहे. उद्यां ह्यांतून उन्हापासून वीज स्वस्त मिळेल असें ती म्हणत नाहीं; विचारलें तर "ठाऊक नाहीं" म्हणते. तिचें हें उत्तर मला आवडतें.

आतां ज्या कारणानें हा लेख लिहावयास बसलों तें सांगतों. ह्या फाल्गुनांत तिला पुण्याचें एक स्थळ आलें. मुलगा इंजिनियर, घराणें सुशील, मंडळी बोलण्यास मोकळीं. अट एकच : लग्न मार्गशीर्षांत व्हावें, आणि राहिलेलें संशोधन मुलीनें पुण्याहून "जमेल तसें" करावें. अट कोणी वाईट बुद्धीनें घातलेली नाहीं. परंतु आरशांचें तें मेज पुण्यास नेतां येत नाहीं, आणि केंसाकेंसानें सरकविण्याचें काम जमेल तसें होत नाहीं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मुलीला चोविसावें लागलें. चार वर्षांनीं असें स्थळ पुन्हां येईल का, तें तुम्हीच सांगा." पुतण्या दोन्ही बाजूंस मान डोलावीत होता. मुलीची आई बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षांत असतांना ह्या घरांत आली, आणि राहिलेलें शिक्षण राहिलेंच. ती ह्या चर्चेंत एक शब्दही बोलली नाहीं. पोळ्या लाटीत होती, त्या लाटीत राहिली. तिकडच्या मंडळींस पत्र मीं लिहावें असें अखेर ठरलें, कारण पत्रें लिहिण्याचें काम घरांत माझ्याकडे असतें.

पत्र लिहिण्यापूर्वीं वहिनींस मीं कमलाबाई सोहोनी ह्यांची हकीकत सांगितली. त्या माहेरच्या भागवत; दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. जन्म १९११ चा. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेचे जुने विद्यार्थी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.च्या परीक्षेंत कमलाबाई पहिल्या आल्या व त्याच संस्थेंत त्यांनीं अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाश व रेणु ह्यांच्या संबंधाविषयीं त्या काळीं हिंदुस्थानांत त्यांच्याहून अधिक जाणणारा पुरुष नव्हता. रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलून येतो, आणि त्या बदलावरून रेणूची घडण ओळखतां येते, हा शोध त्यांनीं २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास जाहीर केला व १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. ह्या थोर पुरुषानें कमलाबाईंचा अर्ज नाकारला. कारण त्या स्त्री होत्या.

कमलाबाई बंगलोरास गेल्या आणि हटून बसल्या. तेव्हां एक वर्ष अटींवर प्रवेश मिळाला : त्यांचें काम संचालकांच्या मनास येईपर्यंत त्यांस नियमित विद्यार्थिनी मानावयाचें नाहीं, आणि त्यांच्यामुळें पुरुष विद्यार्थ्यांचें लक्ष विचलित होतां कामा नये. वर्षानें रामन ह्यांचें समाधान झालें, व पुढें त्या संस्थेचीं दारें इतर मुलींसही उघडलीं. परंतु त्या अटींचा सल कमलाबाईंच्या मनांतून गेला नाहीं, व उतारवयांत त्यांनीं तो उघड बोलून दाखविला. मला त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. रामन ह्यांचा शोध मोठा आणि ही वागणूक लहान. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या, आणि एकीनें दुसरी पुसली जात नाहीं.

पुढें कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथें कीलिन नांवाच्या शास्त्रज्ञानें १९२५ सालीं सजीवांच्या पेशींतील सायटोक्रोम नांवाचीं द्रव्यें ओळखलीं होतीं, आणि तीं ओळखलीं उजेडानें. यीस्टच्या गढूळ पाण्यांतून आलेला प्रकाश वर्णपटदर्शकांतून पाहिला असतां रंगांच्या पट्ट्यांत चार काळ्या रेघा दिसत. नळी हवेबरोबर हालविली कीं त्या नाहींशा होत, आणि थोडी स्वस्थ ठेवली कीं पुन्हां उमटत. जिवंत पेशींचें श्वसन डोळ्यांपुढें चाललेलें! असेंच श्वसन वनस्पतींतही चालतें काय, ह्याचा शोध कमलाबाईंनीं रॉबिन हिल ह्यांच्याजवळ बटाट्यासारख्या वनस्पतींवर घेतला. दोघांचें टिपण १९३९ सालीं "नेचर"मध्यें छापून आलें, आणि त्याच वर्षीं कमलाबाईंस केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. विज्ञानांत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांचा विवाह झाला तो १९४७ सालीं. त्यानंतर मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं पुष्कळ वर्षें शिकविलें, नीरा व कडधान्यें ह्यांवर संशोधन केलें, आणि पुढें त्या त्या संस्थेच्या संचालिकाही झाल्या. १९९८ सालीं त्या वारल्या.

वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें. लग्नाचें वर्ष त्यांनीं मला दोनदां विचारलें, आणि बोटांवर हिशेब करून म्हणाल्या, "म्हणजे छत्तिसाव्या वर्षीं. तेवढें नको हो, भाऊजी."

पत्रांत मीं कमलाबाईंचें नांव घातलें नाहीं. स्थळ आम्हांस पसंत आहे. मुलीचें काम आणखी चार वर्षें मुंबईसच आहे. मुलानें व मुलीनें एकमेकांस एकदां भेटावें. थांबावयाचें कीं लग्नानंतर तीं वर्षें तिनें मुंबईस राहून पुरीं करावयाचीं, हें त्या दोघांनीं ठरवावें. मात्र "जमेल तसें" हे शब्द आम्हांस मान्य नाहींत, इतकें लिहिलें. पत्र टपालांत टाकण्यापूर्वीं तें सुनेस वाचावयास दिलें. तिनें तें दोनदां वाचलें, आणि शेवटच्या वाक्यांतील "आम्हांस" हा शब्द अधोरेखित करावा काय, असें विचारलें. मीं करूं दिला.

उत्तर अद्याप आलेलें नाहीं. नात सुटी संपवून परत गेली. जातांना वहिनींनीं मेतकुटाचा डबा बांधून दिला आणि तिला बजाविलें, कीं रात्रीं त्या अंधाऱ्या खोलींत सोबतीला कोण असतें त्याचें नांव व फोन आधीं कळवावा, उजेडाचें मागाहून सांगितलें तरी चालेल.